नऊ महिन्यांचा खर्च कोणी द्यायचा?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुलाच्या पोटगीत गरोदरपणाचा खर्चही धरावा की नाही, यावर अमेरिकेत चाललेल्या वादाबद्दल तुमच्या अंकात वाचलं. वाचून झाल्यावर मी कपाटातली एक वही काढली आणि मग हे पत्र लिहायला बसले. पत्र मोठं झालं आहे. तेवढी जागा द्यावी, ही विनंती.

मी भांडुप पश्चिमेला एकोणीस वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवते. पीठवाला, तेलवाला, पोळ्या लाटणाऱ्या बायकांची मजुरी, सगळं रोजच्या रोज लिहून ठेवायची सवय आहे. त्याच सवयीनं ऑगस्ट २०२३ मध्ये मी एक वेगळी वही केली. माझ्या मुलीला तेव्हा तिसरा महिना लागला होता आणि जावयांनी घरात पैसे देणं बंद केलं होतं. मूल इतक्यात नको होतं, कर्जाचे हप्ते आहेत, असं ते म्हणत. मारहाण, शिवीगाळ काही नव्हती. नुसतं गप्प राहायचं आणि पैसे द्यायचे नाहीत. मुलगी विरारहून दादरला कपड्यांच्या दुकानात नोकरीला जायची, चौदा हजार पगारावर. तोवर तिच्याच पगारातून घर चाललं. ऑक्टोबरच्या मध्याला डॉक्टरांनी लोकलचा प्रवास बंद करायला सांगितलं आणि नोकरी सुटली.

बाळंतपणाची पगारी रजा मिळाली नाही का, असं बरेच जण विचारतात. १९६१चा प्रसूती लाभ कायदा तेव्हा दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या दुकानांना लागू होता. २०१७ साली तीच रजा २६ आठवड्यांची झाली. तिच्या दुकानात मालक धरून पाच माणसं. सव्वीस आठवडे सोडा, सव्वीस दिवसही मिळाले नाहीत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पाच हजार मिळतात, ते मिळाले, आणि त्याबद्दल मी सरकारचे आभारच मानते. पण वहीच्या एका पानावरचाही खर्च त्यात भागला नाही.

सातव्या महिन्यात ओटी भरली आणि मी तिला घरी आणलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीतच आहे. नाव महापालिकेच्या प्रसूतिगृहात घातलं होतं. सदतिसाव्या आठवड्यात एका रात्री तिचं डोकं भयंकर दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला तो १६०/११० निघाला. रिक्षात घातलं आणि जे नर्सिंग होम आधी लागलं तिथेच नेलं. तासाभरात सिझेरियन झालं. बाळाला तीन दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. रिक्षावाल्या दादांनी भाडं घेतलं नाही, हेही वहीत लिहिलेलं आहे.

आता आकडे सांगते, कारण आकडे सांगितल्याशिवाय हा विषय कोणाला कळत नाही. तपासण्या, सोनोग्राफी, लोहाची इंजेक्शनं, औषधं: २१,३४० रुपये. नर्सिंग होमचं बिल: ७४,५०० रुपये. चार महिन्यांचा बुडालेला पगार: ५६,००० रुपये. बाळ-बाळंतिणीच्या मालिश-शेकाला येणाऱ्या मावशींचे चाळीस दिवसांचे १४,००० रुपये. एकूण १,६५,८४० रुपये. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू मी घरीच केले, ते यात धरले नाहीत. बारसं आणि बाळंतविडा ही आमची हौस, तीही धरली नाही. माझी स्वतःची मजुरी तर कुठेच लिहिलेली नाही.

जावई तिसऱ्या दिवशी आले. बाळाचा फोटो काढला आणि गेले. बारशाला आले नाहीत. मार्चमध्ये ‘मला थोडा वेळ हवा आहे’ असा मोबाइलवर निरोप आला. वेळ दिला. नातेवाइकांमध्ये बसून बोलणी झाली. सगळ्यांचं म्हणणं एकच, कोर्टाची पायरी चढू नका, बाळाचं तोंड पाहिलं की येईल ताळ्यावर. मीही तेच म्हणत होते, हे मला इथे कबूल केलं पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये मुलीनंच मला सांगितलं, आई, आता अर्ज करू.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू आहे. अर्ज या कलमाखाली झाला. वकीलबाई फार चांगल्या आहेत, समजावून सांगतात. त्यांच्यासमोर मी वही ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाल्या, ‘काकू, हिशेब चोख आहे. पण पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. त्याआधीचं या कलमात बसवणं कठीण आहे.’

मी बराच वेळ काही बोलले नाही.

पोटगी अर्जाच्या तारखेपासूनच द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं. तो निकाल बायकांच्या बाजूचाच आहे. आधी काही ठिकाणी आदेशाच्या तारखेपासून पोटगी धरत, त्यामुळे खटल्यात गेलेली वर्षं वाया जायची. नवरा-बायको दोघांनीही मिळकत, खर्च, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, हेही त्याच निकालानं ठरवलं. ते प्रतिज्ञापत्र आलं म्हणूनच जावयांचा पगार पंचेचाळीस हजार आहे, हे आम्हाला कळलं. माझी तक्रार त्या निकालाबद्दल नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की गरोदर बाई अर्ज करत नाही. कायद्यानं तिला तेव्हाही अर्ज करता येतो, बायको म्हणून स्वतःची पोटगी मागता येते. पण सातव्या महिन्यात नवऱ्यावर अर्ज टाकायचा म्हणजे परतीची वाट आपल्या हातानं बंद करायची. मूल झालं की सगळं सुरळीत होईल, ही आशा त्या नऊ महिन्यांत जेवढी असते तेवढी पुढे कधीच नसते. त्यामुळे खर्च सगळ्यात जास्त असतो तेव्हा अर्ज नसतो, आणि अर्ज होतो तेव्हा तो खर्च मागच्या तारखेचा झालेला असतो.

अर्जाला जावयांचं उत्तर आलं, त्यात एक वाक्य होतं: अर्जदार स्वतःच्या मर्जीनं घर सोडून माहेरी निघून गेली. पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याजवळ राहायला नकार देणाऱ्या बायकोला पोटगी मिळत नाही, असं कलमात आहे, म्हणून ते वाक्य घातलेलं. ओटीभरणाला याच जावयांच्या आईनं मुलीच्या ओटीत नारळ घातला होता आणि ‘सुखरूप सुटून ये’ म्हणाल्या होत्या. माझ्याकडे त्या कार्यक्रमाचे फोटो आहेत. ते वकीलबाईंनी कागदपत्रांना जोडले. घरोघरी चालत आलेली रीत कोर्टात फोटो लावून सिद्ध करावी लागली, याचं मला फार वाईट वाटलं.

या रीतीबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण अमेरिकेतल्या वादात ती नाही आणि आपल्याकडे सगळा प्रश्न तिच्यापाशीच येऊन थांबतो. पहिलं बाळंतपण मुलीच्या आईबापांनी करायचं. त्यात माया आहे, मुलीला चार दिवस विसावा मिळतो, हे सगळं खरं. माझं पहिलं बाळंतपण १९९५ साली काळाचौकीच्या चाळीत झालं. माझे वडील गिरणी कामगार. १९८२च्या संपानंतर गिरणीत परत घेतलं नाही, तेव्हापासून वॉचमनची नोकरी करत होते. मी आले तेव्हा घरात तूप, खारीक, बदाम, सगळं भरलेलं होतं. २०११ साली ते गेले. ट्रंक आवरताना सोनाराची पावती सापडली. आईच्या पाटल्या माझ्या आठव्या महिन्यात गहाण पडल्या होत्या आणि कधीच सुटल्या नव्हत्या. माझे सासरचे लोक चांगले होते, माझे यजमान शेवटपर्यंत चांगले वागले. त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही की बाळंतपणाचे पैसे आपणही द्यावेत. माझ्याही मनात आलं नाही. ती पावती मी यजमानांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, मला कोणी सांगितलं असतं तर मी दिले असते. ते खरंच देतील असे होते. पण सांगणार कोण?

म्हणून मला वाटतं, रीत राहू दे, मुलगी माहेरी येऊ दे, पण खर्चाची जबाबदारी बापाची आहे हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. लिहिलेलं असलं की घरातही बोलता येतं.

अमेरिकेत काय चाललं आहे, ते मी भाच्याकडून समजून घेतलं. युटा राज्यानं २०२१ साली कायदा केला की गरोदरपणातला वैद्यकीय खर्च आणि विम्याचा हप्ता यांतला निम्मा वाटा बापानं द्यायचा. जॉर्जिया राज्याच्या २०१९च्या कायद्यात पोटातल्या बाळासाठीही बापाकडून पैसे मागता येतात, मात्र आईच्या गरोदरपणाच्या प्रत्यक्ष खर्चापुरतेच. २०२२ साली केव्हिन क्रेमर या सेनेटरांनी एक विधेयक मांडलं. पोटगी गर्भधारणेच्या महिन्यापासून धरावी, असं त्यात होतं. ऐकायला चांगलं वाटतं. पण जॉर्जियाच्या त्याच कायद्यानं साधारण सहा आठवड्यांनंतर गर्भपातही बंद केला. पैसे पोटातल्या बाळाच्या नावानं द्यायचे म्हटलं की ते बाळ कायद्यापुढे वेगळी व्यक्ती होतं, मग आईच्या निर्णयावर त्याचा हक्क चालू लागतो. तिथल्या बायकांच्या संघटनांना भीती वाटते ती याचीच, आणि मला ती रास्त वाटते.

आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीनं काही स्त्रियांसाठी ती मुदत २४ आठवड्यांपर्यंत गेली आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित स्त्रियांनाही त्यात घेतलं. यातलं काहीही मागे जाता कामा नये. म्हणून माझी मागणी बाळाच्या नावानं नाही, बाईच्या नावानं आहे. गरोदरपणाचा खर्च हा तिच्या शरीरावर, तिच्या कामावर आलेला खर्च आहे. तो तिला मिळावा.

माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या एका बाईचं उदाहरण देते, नाव देत नाही. सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. मोठ्या हॉस्पिटलात दहा दिवस होती. नवरा गावाला, एक पैसा आला नाही. पुढे सव्वा महिना तिला उभं राहवत नव्हतं, म्हणजे तेवढी मजुरी बुडाली. आम्ही सगळ्यांनी मिळून थोडंफार केलं. बाळाच्या नावानं कायदा केला तर या बाईला काय मिळेल? बाळच नाही, मग पोटगी कोणाची? खर्च तर तिनं सोसलाच. जर्मनीत हे बरंच सरळ आहे, असं वकीलबाई म्हणाल्या. लग्न झालेलं नसलं तरी मुलाच्या बापानं आईला बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर आठ आठवडे पोसायचं, शिवाय गरोदरपणाचा आणि बाळंतपणाचा खर्च द्यायचा, असं तिथल्या नागरी संहितेत आहे. देणं आईचं आहे. मला हे पटलं.

लग्नाचा मुद्दा आला म्हणून सांगते. माझी मुलगी लग्नाची बायको आहे, म्हणून निदान अर्जाच्या तारखेपासून तिला स्वतःचं काही मागता आलं. लग्न न झालेल्या मुलीला १४४ कलमात स्वतःसाठी काहीच नाही. मूल जन्मलं की मुलाची पोटगी मागता येते, औरस-अनौरस हा भेद तिथे नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याआधीचे नऊ महिने तिचे एकटीचे. लग्नासारखं एकत्र राहत असेल तर २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. वकीलबाईंनी आम्हालाही तो मार्ग सांगितला. त्यात वैद्यकीय खर्च आणि बुडालेली मिळकत मागता येते, पैसे अडवून धरणं हाही आर्थिक छळच मानला जातो. पण माझी मुलगी म्हणाली, ‘मला त्याच्यावर छळाचा आरोप करायचा नाही. मला फक्त जे झालं त्याचा खर्च हवा आहे.’ तिचं ते म्हणणं मला समजतं. हक्काचे पैसे मागायला आधी समोरच्याला गुन्हेगार ठरवावं लागू नये.

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, असा कायदा झाला तर कोणीही कोणाच्याही नावानं पैसे मागेल, मूल कोणाचं हे जन्माआधी कसं ठरवणार? प्रश्न चुकीचा नाही. लग्न असेल तर कायदा मूल नवऱ्याचंच धरून चालतो. लग्न नसेल तर मूल झाल्यावर तपासणी होऊ शकते. म्हणूनच मला वाटतं की पैसे गरोदरपणातच मिळाले तर उत्तम, पण नाही तर निदान नंतरच्या अर्जात मागच्या नऊ महिन्यांचा खर्च बिलं दाखवून मागता यावा. बिलं खोटी असतील तर कोर्ट पाहील. ते रोजच बिलं तपासतं.

निम्मे की सगळे, यावरही आमच्या घरात वाद झाला. धाकटा मुलगा म्हणतो निम्मे, समानता पाहिजे. मी म्हणते मिळकतीच्या प्रमाणात. चौदा हजारांची नोकरी सुटलेल्या मुलीनं आणि पंचेचाळीस हजार कमावणाऱ्या माणसानं सारखंच द्यायचं, हा हिशेब मला मान्य नाही. वेदना, टाके, झोप यांची तर वाटणी करताच येत नाही, ते सगळं तिनंच सोसलं.

एक गोष्ट मला कळल्यापासून डोक्यातून जात नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २०व्या कलमात लिहिलं आहे की बाप मृत्युपत्र न करता गेला आणि तेव्हा मूल पोटात असलं, तर जिवंत जन्मल्यावर त्याला आधी जन्मलेल्या मुलासारखाच वाटा मिळतो. म्हणजे पोटातल्या बाळाची दखल आपला कायदा १९५६ पासून घेतो आहे. माझा नातू पोटात असताना त्याचा बाप मेला असता तर त्याच्या वाट्याचा विचार झाला असता. बाप धडधाकट आहे, नोकरीवर आहे, विरारला राहतो, म्हणून त्या महिन्यांचा विचार झाला नाही.

अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असं कायद्यात आहे. समोरून तारखा मागितल्या गेल्या आणि आम्हाला अकरा महिने लागले. जुलै २०२५ मध्ये मुलगी आणि नातू मिळून महिना सात हजारांचा आदेश झाला, अर्जाच्या तारखेपासून. पैसे येतात, कधी उशिरा येतात. मुलगी आता मुलुंडला एका दुकानात जाते, नातू दिवसभर माझ्याजवळ असतो. पिठाच्या डब्यात हात घालायला शिकला आहे.

मुख्य अर्ज अजून चालू आहे. वकीलबाईंनी नऊ महिन्यांच्या खर्चाची मागणी वेगळा परिच्छेद घालून त्यात ठेवली आहे. मिळेल असं त्या म्हणत नाहीत, मागून ठेवू म्हणतात. माझी आपल्यामार्फत कायद्याच्या जाणकारांना विनंती आहे की त्यांनी यावर आपल्या अंकात लिहावं. बाळंतपणाला माहेरी जाणं म्हणजे घर सोडणं नव्हे, एवढी एक ओळ १४४ कलमात घालायला काय अडचण आहे? मूल झाल्यावर किंवा गरोदरपण अर्ध्यात संपल्यावरही, मागचा खर्च बाईला मागता येईल अशी दुसरी ओळ घालता येईल का? आमच्या भागाच्या आमदारांना मी हेच पत्र पाठवते आहे. कोणाला अभ्यासासाठी वही पाहायची असेल तर मी तिची झेरॉक्स आपल्या कार्यालयात आणून देईन. औषधांच्या पावत्याही तारखेप्रमाणे लावून ठेवल्या आहेत.

आपली नम्र,
एक वाचक, भांडुप (पश्चिम), मुंबई

(खटला चालू असल्यानं नाव छापू नये, ही विनंती.)